प्रोफेसरांच्या मागून

प्रिय शांता,

खरं तर रोजनिशी लिहायला बसले होते. पण आजच्या बैठकीची हकीकत लिहिताना प्रत्येक वाक्य तुझ्याकडेच वळायला लागलं. रोजनिशीत मी स्वतःशी भांडते, आज तेवढ्यानं भागायचं नाही. म्हणून वही मिटली आणि हे सुटे कागद ओढले.

आपल्या सोलापुरात कॉलेज निघतंय. तुझा विश्वास बसतो? मुलींना पुण्याला धाडायला नको, बोर्डिंग नको. गावातल्या मंडळींची कमिटी बसली आहे आणि मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मलाही बोलावलं, मुलींसाठीचे नियम ठरवायला. आनंदानं गेले गं. इरकली नेसून गेले.

चिटणीस वकीलसाहेबांनी मसुदा वाचायला घेतला. विद्यार्थिनींनी लेडीज रूममध्ये थांबावे. प्रोफेसर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागून वर्गात यावे आणि तास संपताच त्यांच्याच मागून बाहेर पडावे. व्हरांड्यात एकटे उभे राहू नये.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तू आठवलीस.

पुण्याच्या कॉलेजात आमच्या वेळीही हाच नियम होता. पण आम्ही चौघी होतो. प्रोफेसरांच्या मागून रांगेनं चालायचो आणि पदराआड हसायचो. तू तर्कशास्त्राच्या वर्गात एकटी होतीस. लेडीज रूम इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तास संपला की तू त्या प्रोफेसराच्या मागून निघायचीस आणि तो आपल्या खोलीशी थांबायचा. व्हरांडा मुलांनी भरलेला असे. ‘गर्दी ओसरेपर्यंत आत बस,’ म्हणायचा. बाहेर उभं राहायला तुला मनाई होती. मग तू जाणार कुठे होतीस?

एके दिवशी त्यानं दार लोटून घेतलं आणि तुला धरलं. तू त्याच्या हाताला चावलीस, सुटलीस आणि तशीच प्रिन्सिपॉलच्या समोर जाऊन उभी राहिलीस. मनगटावर वळ होते. त्यांनी वळ पाहिले आणि विचारलं, “तू त्यांच्या खोलीत गेलीसच कशाला?”

तू म्हणालीस, “तुमचा नियम आहे म्हणून.”

हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज कापत नव्हता. त्या एका उत्तरावर सगळी चौकशी संपायला हवी होती. पण चौकशी झालीच नाही! आपल्या अप्पांना तार गेली, तुझी ट्रंक बांधली गेली, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ तू घरी आलीस. तो दुसऱ्या दिवशी वर्गावर गेला. त्याच्या मागून चालायला कुणी उरलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आणि अप्पांनी चाटी गल्लीतल्या आपल्या लुगड्यांच्या दुकानात काय सांगितलं? पोरीचे डोळे अधू झाले. दिव्याच्या उजेडात पंचांगाची बारीक अक्षरं वाचणारी तू! गिऱ्हाईकं गादीवर बसून म्हणायची, बायकांच्या डोक्याला झेपत नाही की एवढं शिक्षण. तू आतल्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत ते ऐकायचीस. अप्पांवर मी रागावू की त्यांची कीव करू, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी तुला जवळ घेतलं, हेही खरं. तुझं तर्कशास्त्राचं पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं, हेही खरं.

त्याआधी सुट्टीत आलीस की तर्कशास्त्रानं घर डोक्यावर घ्यायचीस. ‘सगळी माणसं चुकतात. अव्वा माणूस आहे. म्हणून आमटीत मीठ जास्त आहे.’ अव्वा पळी घेऊन तुझ्यामागं धावायची. परत आल्यावर आमटी कशीही असली तरी तू गप्प जेवायचीस. पुढे विषमज्वराचं निमित्त झालं आणि तू गेलीस. डॉक्टरांनी तापाचं नाव सांगितलं, मी ते मान्य केलं. पण तू ज्या दिवसापासून खंगायला लागलीस, तो दिवस तापाचा नव्हता.

बैठकीत मी म्हटलं, हे कलम काढा. वकीलसाहेब समजुतीनं म्हणाले, बाई, हे मुलींच्या रक्षणासाठीच आहे. मी विचारलं, “आणि प्रोफेसरांपासून रक्षण कोण करणार?” एक गिरणीवाले शेटजी हसून म्हणाले, मग काय प्रोफेसरामागं पोलीस चालवायचा का? सगळे हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “असं कुठं घडलंय का? एक तरी नाव सांगा.”

आणि मग त्यांनीच सांगितलं, मसुदा कुणी करून दिला ते. तोच गं. आता निवृत्त झालाय, नावापुढे पदव्या आहेत. कॉलेजचे सल्लागार म्हणून त्याला सोलापूरला आणायचं, मुलींच्या शिस्तीचं खातं त्याच्याकडे द्यायचं, असं ठरत आलंय. पुढच्या रविवारी शिक्कामोर्तब.

मी नाव सांगितलं नाही. कारण तू माझ्याकडून वचन घेतलं होतंस, अक्का, माझं नाव कुणाच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. का घेतलंस गं? मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणारी मी कोण? आणि तो पाळून उद्याच्या पोरींना त्याच्या मागून चालायला लावणारी तरी मी कोण? सबंध वाट हाच हिशेब करत घरी आले.

अव्वा ज्वारी निवडत होती. अप्पा गेल्यापासून ती तुझं नाव काढत नाही. मी तिला सगळं सांगितलं, तो येणार आहे तेही. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “नाव घे की तेचं. लेक माजी गेली, आन् अब्रू तेची ऱ्हायली व्हय?”

शांता, आपण सगळे इतकी वर्षं नाव म्हणजे तुझंच नाव समजत आलो. वकीलसाहेबांनाही मुलीचंच नाव हवं होतं. पुरुषाचं सांगता येतं, हे त्या अडाणी म्हातारीला सुचलं. मला नाही, माझ्या बी.ए.ला नाही.

तेव्हा रविवारी मी त्याचं नाव घेणार आहे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तुझं माझ्या तोंडून निघणार नाही. त्यांनी ओळखलं तर ओळखोत. मी तेव्हा मान खाली घालणार नाही, आणि तूही घालू नकोस. मग त्या मसुद्याचं पहिलं कलम मी स्वतः लिहीन: तक्रार केली म्हणून कोणत्याही मुलीला घरी पाठवले जाणार नाही, चौकशी संपेपर्यंत वर्गाबाहेर राहील तो प्रोफेसर. हे मंजूर झाल्याशिवाय मी त्या बैठकीतून उठणार नाही. हसू देत त्यांना.

तुझीच,
नीलाक्का