सतराव्या भागातला पोस्टमन

महाळुंगे,
३ जून २०२४

ति. हनुमंतमामा यांना सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त पोस्टमन. फोनवर कळलेली बातमी तुम्ही बातमी धरत नाही, म्हणून लिहिते आहे. शिवाय मामी फोन स्पीकरवर ठेवते आणि मग माझं बोलणं पूर्ण आळी ऐकते.

आमच्या स्टुडिओकडे ‘हेर हिर्लेकर’ मालिकेचं काम आलं आहे. मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून डीव्हीडींचा संच निघणार आहे. डीव्हीडी लावायचं यंत्र आता कोणाच्याच घरात उरलेलं नाही, हे मी बैठकीत सांगितलं. निर्माते म्हणाले, की असा संच लावायचा नसतो, कपाटात ठेवायचा असतो. चार डिस्कवर मालिका आहे. पाचवीवर जादा मजकूर: न वापरलेली दृश्यं, फसलेले शॉट, कलाकारांच्या आठवणी. ही पाचवी डिस्क माझ्याकडे आहे.

सतरावा भाग आपल्या माले गावात चित्रित झाला होता. विषारी लाडवांचं पार्सल, प्रेताच्या कामात तुमच्या शेजारच्या साळूबाई, आणि शेवटी खुनी निघणारा पोस्टमन, म्हणजे तुम्ही. तुमच्या आठवणी हव्या आहेत. दोन पानं पुरे. वीस पाठवू नका.

मामीला नमस्कार. आहे तेवढा लोभ टिकवावा.

आपली,
सुलक्षणा

माले,
९ जून २०२४

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र सहा दिवसांत पोचलं. माझ्या वेळी तीन लागायचे. असो.

पंचवीस वर्षं दोन पानांत कशी बसवायची ते तूच सांग, तू इंजिनिअर. त्या दिवशी मी फक्त टपाल टाकायला गेलो होतो. खुन्याचं काम करणारा पुण्याचा नट यायचा होता, त्याची गाडी पिरंगुटला बंद पडली. दिग्दर्शकानं माझी खाकी आणि सायकल पाहिली आणि मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी खुनी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सरपंचांच्या ओट्यावर शंभर माणसांत बसून टीव्ही बघताना कळलं. शंभरही माना माझ्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून लोक रजिस्टरची सही दाराच्या फटीतून हात काढून करायला लागले. तुझी मामी दिवाळीला लाडवांचं ताट शेजारी देते, ते ताट जसंच्या तसं परत येतं. साळूबाईचं उलटं झालं. प्रेत झाल्यापासून तिचा मान वाढला. लग्नकार्यात तिला पुढं बसवतात आणि मला विचारतात, का रं हनुमंता, लाडू तूच वळलंस का?

आता मुद्द्याचं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचा आहे. मी उभा आहे. गावानं एकदा तरी विश्वासानं काही हातात द्यावं, एवढीच माझी इच्छा राहिली आहे. समोर खतवाला किशोर. तो एसटी स्टँडवर मोबाइलवर सतराव्या भागाचा शेवट लावून दाखवतो आणि विचारतो, खुन्याला तंटं मिटवाय बसवताय व्हय?

म्हणून मी शेवट नव्यानं लिहून काढला आहे. सोबत चाळीस पानं. हिर्लेकर मालेत परत येतात आणि खरा खुनी पकडतात. तो खताचा व्यापारी असतो. हाच खरा शेवट म्हणून पाचव्या डिस्कवर घाल.

मामीचा आशीर्वाद. मामावरचा लोभ आणि विश्वास, दोन्ही राहू दे.

तुझा,
हनुमंतमामा

महाळुंगे,
१७ जून २०२४

ति. मामांना शि. सा. न. वि. वि.

चित्रित न झालेला शेवट मी डिस्कवर घालू शकत नाही. मात्र ‘हिर्लेकर मंडळ’ नावाचं एक संकेतस्थळ आहे. तिथे मालिकेचे चाहते स्वतः रचलेल्या हिर्लेकरांच्या कथा लिहितात. तुमची कथा टाइप करून ‘एक वाचक’ या नावाने तिथे दिली.

तिथे एकूण तीनशे बारा कथा आहेत, त्यांतल्या चौऱ्याण्णव पोस्टमनवर. सात कथांमध्ये तुम्ही हिर्लेकरांचे जत्रेत हरवलेले भाऊ आहात. एकवीस कथांमध्ये त्यांच्या मदतनीस बाईंचं तुमच्यावर प्रेम आहे. हे मामीला वाचून दाखवू नका.

तुमच्या कथेवर एकच अभिप्राय आला, मंडळाचे संचालक निषाद यांचा. ते लिहितात, की या लेखकाला पोस्टमन हे पात्र मुळीच कळलेलं नाही. हिर्लेकर विष घातल्याबद्दल विचारतात तेव्हा पोस्टमन अकरा सेकंद गप्प राहतो, हात थैलीवर जातो, डोळे भरतात, मान खाली जाते. निर्दोष माणसाची मान अशी जात नाही. निषाद यांनी या अकरा सेकंदांवर मोठा लेखही लिहिला आहे.

त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. मी दृश्य आठ वेळा पाहिलं. तुम्ही नट नाही आणि तुम्हाला तुम्ही खुनी असल्याचं माहीत नव्हतं. मग मान का गेली? मूळ टेप पुढच्या आठवड्यात येते आहे. त्यात कळेल.

माझ्या काटेकोरपणाचा राग नसावा.

आपली,
सुलक्षणा

माले,
२२ जून २०२४

चि. सुलक्षणा हिस आशीर्वाद.

त्या निषादाचं वय किती ते विचार. मला मी कळलो नाही म्हणतो!

मूळ टेप बघायची काही गरज नाही. पंचवीस वर्षांत तिला बुरशी आली असेल. जुन्या गोष्टी उकरून तुझे डोळे खराब करू नको. आठवणींचा आग्रहही सोड, मला आता काही आठवत नाही.

मामी बरी आहे. माया असू दे.

हनुमंतमामा

महाळुंगे,
१ जुलै २०२४

ति. मामांना शि. सा. न. वि. वि.

टेपला बुरशी आलेली नाही.

प्रसारित भागात हिर्लेकरांचा प्रश्न आणि तुमचा चेहरा एकामागून एक दिसतात. प्रत्यक्षात ते एकत्र चित्रित झालेच नव्हते. तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे होतात तेव्हा हिर्लेकरांचं काम करणारे नट जेवायला गेले होते. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक तुम्हाला विचारतो, की पोस्टमन, तुझ्या थैलीतलं एखादं पत्र कधी पोचवायचं राहिलं आहे का? त्यानंतर ते अकरा सेकंद आहेत. म्हणजे दोनशे पंचाहत्तर फ्रेम. मान खाली जाते. दिग्दर्शक आनंदाने ओरडतो, की मिळालं.

हे दृश्य आवाजासह पाचव्या डिस्कवर गेलं तर तुम्ही खुनाच्या आरोपातून कायमचे सुटता. किशोर खतवाल्यालाही पुरावा नाकारता येणार नाही. मात्र मग लोक दुसरा प्रश्न विचारतील.

कोणतं पत्र, हे मी विचारत नाही. निर्णय तुमचा. डिस्क पंचवीस जुलैला बंद होते.

प्रकृतीला जपावं.

आपली,
सुलक्षणा

माले,
७ जुलै २०२४

चि. सुलक्षणा हिस आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक.

ते पत्र साळूबाईचं होतं. शूटिंगच्या आधी तीन आठवडे आलेलं. तिचा भाऊ भुकूमला असतो. माहेरच्या जमिनीवरून दोघांत बोलणं बंद होतं. त्याच्या मुलीचं, शीतलचं, लग्न ठरलं तेव्हा त्यानं लिहिलं होतं, झालं गेलं विसर, तू आल्याशिवाय पोरीला हळद लावणार नाही. मी वाटेत झाडाखाली बिडी ओढत बसलो होतो. ठिणगी पडून ते अर्धं जळालं. उरलेल्या अर्ध्यात एवढं वाचता आलं.

साळूबाईला वाचता येत नाही. तिची सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचो. तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण नोकरीत कायम व्हायचा माझा अर्ज वर गेला होता. जळलेल्या पत्राची तक्रार झाली असती. उद्या सांगू म्हणत लग्नाची तारीख निघून गेली. मग सांगायला तोंडच राहिलं नाही.

भावानं बोलावलं नाही असं तिला वाटतं. आपली पुण्याची एसटी भुकूमवरून जाते. गाव आलं की साळूबाई खिडकी सोडून दुसरीकडे तोंड करते. पंचवीस वर्षं मी मागच्या सीटवरून बघतोय.

तर तू आवाज काढून टाक. चित्र नुसतं ठेव. खुनी म्हटलेलं मला सवयीचं झालंय.

मामाला एवढं सांभाळून घे.

हनुमंतमामा

महाळुंगे,
११ जुलै २०२४

ति. मामांना शि. सा. न. वि. वि.

आवाज काढणं दोन मिनिटांचं काम आहे. अजून केलेलं नाही.

साळूबाईंचा भाऊ हयात आहे का, तेवढं कळवा. माझ्या कामासाठी ही माहिती लागत नाही.

तुमचं पत्र फाडलेलं नाही. तुमच्याच खात्याची शिस्त सांगते, की पत्र ज्याचं त्याला पोचेपर्यंत सांभाळायचं असतं.

आपली,
सुलक्षणा

माले,
२४ जुलै २०२४

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

आवाज राहू दे. हे पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून पौडच्या शहनवाजकडे देतोय. तो रोज महाळुंग्याला कामाला जातो, उद्या सकाळी तुझ्या हातात ठेवील.

भाऊ हयात आहे. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस जेवलो नाही. मामीला वाटलं किशोरनं काही केलं. तिसऱ्या दिवशी साळूबाईच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, मेल्या, त्या दिवशी मी चादरीखाली धा हातांवर निजले व्हते. त्या बाबाचा सवाल मी ऐकला, तुजं गप ऱ्हानं बी ऐकलं. तवापास्नं इचार करत्ये, कुना बिचाऱ्याचं पत्र ऱ्हायलं आसंल.

मग चार दिवस तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. काल सकाळी लुगडं बदलून दारात उभी. म्हणाली, पत्र पोचवायचं काम तुजं, चल, पोचीव. एसटीत पुढच्या सीटवर ती आणि मागं मी.

भुकूमला भावाच्या शेतात आता सात मजली इमारती आहेत. फाटकावर पहारेकरी कुठल्या फ्लॅटला जायचंय विचारतो. साळूबाई म्हणाली, फ्लॅट न्हाई, भावाकडं. बारा मजुरांना, तीन घरकामाच्या बायकांना विचारून शेवटी भाऊ सापडला. मागच्या इमारतीत राहतो, काठी टेकत खाली आला. मी अर्धवट जळालेल्या पत्रातलं जेवढं पाठ होतं तेवढं दोघांसमोर म्हणून दाखवलं. जळालेलं अर्धं त्यानं सांगितलं. त्या दिवशी दुपार उलटेपर्यंत हळद थांबवली होती म्हणे.

मग दोघं वर गेली. मला वर बोलावलं नाही, ते बरोबरच केलं. मी पहारेकऱ्याशेजारी सहापर्यंत बसून होतो.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा,
हनुमंतमामा

महाळुंगे,
८ ऑगस्ट २०२४

ति. मामांना शि. सा. न. वि. वि.

संच बाजारात आला. दृश्य आवाजासह आहे. एक प्रत पाठवते. लावायला यंत्रही पाठवते आहे, ते आमच्या गोदामातून घेतलं.

हिर्लेकर मंडळाची तातडीची बैठक झाली. मूळ टेपमुळे मालिकेचा अर्थ बिघडतो, सबब ती ग्राह्य धरू नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यांच्या लेखी तुम्ही खुनीच आहात. निषाद यांनी दिग्दर्शकाचा तो प्रश्न बनावट असल्याचं सिद्ध करणारी चौदा पानं लिहिली आहेत. मी त्यांना टेपवरचा वेळेचा आकडा कळवला. त्यांनी मला मंडळातून काढलं.

ग्रामसभेचं काय होईल ते होवो. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मालेला येते. मामीला लाडू करायला सांगा, मी खाईन.

आपली,
सुलक्षणा

माले,
१७ ऑगस्ट २०२४

चि. सुलक्षणा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रामसभा झाली. तुझी डिस्क शाळेच्या भिंतीवर पडदा लावून दाखवली. मग किशोरच उठला आणि उदार होऊन म्हणाला, हनुमंतनाना खुनी न्हाईत हे मी मान्य करतो. टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता जमलं.

तेवढ्यात साळूबाई उभी राहिली. म्हणाली, मी जित्ती हाय, तवा खून झालाच न्हाई. पर ह्यानं माजं पत्र पंचवीस वर्सं पोटात ठिवलं. तुमी ह्येच्या पोटात तंटं घालनार, ती भाईर कवा येनार? माणसं लगेच फिरली. खून काय, टीव्हीतला असतो, पण पत्र? असं सगळे एकमेकांना सांगू लागले. किशोर बिनविरोध अध्यक्ष झाला. मीही हात वर केला.

काल सकाळी साळूबाई घरी आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, लिही. इथून पुढं दर मंगळवारी ती सांगेल ते पत्र मी लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि एसटीनं भुकूमला जाऊन भावाच्या हातात द्यायचं. टपालपेटीत टाकायचं नाही. किती मंगळवार, ते विचारलं तर म्हणाली, पंचवीस वर्सांचं मंगळवार मोज.

पहिलं पत्र लिहून झालं. मजकूर तिचा, अक्षर माझं. खाली तसाच उतरवतो:

दादास साळूचा दंडवत. मी खुशाल हाय. शीतलला पोरं घेऊन दिवाळीला पाठीव. पत्र आणणाऱ्या माणसाला सावलीत बसू दे, पाणी दे. च्या देऊ नको. च्या कवा द्यायचा ते मी कळवीन.

दोनदा वाचून दाखवलं, तिनं अंगठा केला. मंगळवारी पहिल्या गाडीनं निघतो.

माया आहे तशीच राहो.

तुझा,
हनुमंतमामा