बटणांची बरणी

मंगळवार, तारीख बारा, दुपारचे दोन

चि. बटणास,

आत्याचे आशीर्वाद. तू बरा असशीलच. मी बरी आहे. दुकान चार दिवस बंद आहे. शाळेचे तीस सदरे बाह्यांविना पडलेत, पडू देत.

तुझा बाप दवाखान्यात आहे. दचकू नकोस, जिवंत आहे. शुक्रवारी दुकानात कापड कापायच्या टेबलाशी उभा होता, कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, छातीवर कुणीतरी इस्त्री ठेवलीय." मी म्हटलं, "ढेकर दे." हे माझं डॉक्टरपण. मग घाम बघितला आणि गाडी बोलावली.

मनगटातून तार घालून बघितलं. काळजाच्या तीन नळ्यांत चरबी बसलीय, एक तर बुजल्यातच जमा. सोमवारी छाती उघडणार म्हणतात. नर्सबाई कडक आहे, मला खाटेवर टेकू देत नाही. इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तुझा बाप म्हणतो, "ताईच्या चहापेक्षा बरा." म्हणजे जीभ शाबूत आहे.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस आणि मी भाजीचे भाव सांगून फोन ठेवते. दीड वर्ष झालं आपल्या भांडणाला. तेव्हापासून दर महिन्याला तुझ्याकडून बापाच्या गोळ्यांचं पार्सल येतं, आत चिठ्ठी नसते. पण पार्सल कधी चुकलं नाही.

भांडण आठवतं ना? रिपोर्ट आला होता. साखर जागेवर, चरबी जागेवर. मी म्हटलं, आता गोळ्या कशाला? सदरा मापात बसला की कुणी टाके घालत बसतं का? तू म्हणालास, "आत्या, गोळ्या आहेत म्हणून मापात आहे." मी म्हटलं, "औषधांच्या गोदामात खोकी उचलून डॉक्टर झालास होय रे?" तू भरल्या ताटावरून उठलास.

इथला डॉक्टर तुझ्यापेक्षा लहान दिसतो. रोज विचारतो, "गोळ्या नियमित होत्या?" तुझा बाप ऐटीत सांगतो, "साहेब, माझी ताई स्वतः हातावर ठेवते. एक दिवस चुकवला नाही तिनं." डॉक्टर माझ्याकडे बघतो. मी खिडकीकडे बघते.

"एवढ्या गोळ्या घेऊनही साखरेचे हे आकडे, म्हणजे त्या पुरत नाहीत," असं म्हणून काल त्यानं साखरेचं औषध आणखी वाढवलं. आज सकाळी तुझा बाप थरथरायला लागला. अंग ओलंचिंब. मी हात धरला तर म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" साखर एकदम खाली गेलेली. नर्सबाईनं सुईतून साखर चढवली तेव्हा कुठे माणसात आला.

आता ऐक. मध्ये बोलू नकोस.

तू दोन वर्षांचा असताना बटण गिळलंस, त्यावरून तुझं नाव पडलं आणि बटणांची बरणी वरच्या फळीवर गेली. त्या बरणीत आता दीड वर्षाच्या गोळ्या आहेत. चरबीची पांढरी, सगळीच्या सगळी. साखरेची पिवळी, संध्याकाळची तेवढी. डॉक्टर समजतो त्या सगळ्या पोटात गेल्यात, म्हणून इथे पूर्ण गोळ्या देऊन वर आणखी वाढवतो.

त्याचे पाय दुखायचे रे. टेबलाशी उभं राहवेना. पांढरी बंद केली, पंधरा दिवसांत पाय दुखायचे थांबले, शीळ घालत कापड कापायला लागला. मला वाटलं, तुझ्याशी भांडणात मीच जिंकले. पुढे एकदा चक्कर आली म्हणाला, तर संध्याकाळची पिवळीही काढली. त्याला सांगितलं नाही. त्या जागी ताकदीच्या गोळ्या ठेवल्या. मी हातावर ठेवीन ते तो न बघता गिळतो. परत रक्त तपासायलाही नेलं नाही, धडधाकट माणसाला सुया कशाला म्हणून. तुझ्या गोळ्या टाकवेनात, म्हणून बरणीत.

दोनदा डॉक्टरच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा संडास कुठे आहे विचारून परत आले. तुझ्या बापाला कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी घेईल का, एवढंच डोक्यात. चार दिवस मी त्याचा जीव टांगणीला लावून माझं तोंड जपत बसले. आणि आज सकाळी तो मला कोण म्हणून विचारत होता.

दुपारीच घरी जाऊन बरणी पिशवीत घालून आणलीय. तीन वाजता डॉक्टर फेरीला येतो. खाटेशीच सांगणार, तुझ्या बापासमोर. बाहेर सांगायला गेले तर पुन्हा संडास विचारीन.

तुला हे मिळेल तोवर बोलून झालेलं असेल. तू ये. माझ्यासाठी नको. ऑपरेशन झालं, तो उठून बसला, तर त्याच्या हातावर गोळ्या ठेवायला कुणीतरी लागेल. माझ्याकडून घे असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

पत्रपेटी दवाखान्याच्या फाटकाशीच आहे. हे टाकते आणि जिना चढते.

एक दिवस न चुकवणारी,
तुझी आत्या