यादीत राहिलेलं नाव

३ मार्च

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे! सरकारी कचेरी, खिडकीपाशी टेबल, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. मित्रदेशाने विश्वासाने दिलेली गुपितं आपल्याकडून फुटली, म्हणून दोन्ही सरकारं मिळून चौकशी करताहेत. फुटलेला कागद माझ्या कपाटात आहे. तो कोणीकोणी वाचला होता, हे शोधून यादी करायची. मी स्वतः मात्र वाचायचा नाही. यादी रोज संध्याकाळी मित्रदेशाच्या अधिकाऱ्याकडे जाते. त्यांना सगळे ‘पाहुणे’ म्हणतात. आईमागे ताईनेच मला वाढवलं. म्हणाली, सुटले बाई एकदाची.

६ मार्च

पहिलं नाव टायपिस्ट बाईंचं, नक्कल त्यांनीच केली होती. दोन दिवसांच्या चौकशीला तिकडे बोलावलंय. फुकटात परदेश बघायला मिळतोय म्हणून बाई हौसेने बॅग भरून गेल्या.

१३ मार्च

बाई परतल्या नाहीत. त्यांच्यामागून गेलेले दोघेही नाहीत. बाईंच्या नवऱ्याला टपालाने बॅग आली, न उघडलेली. सोबत चिठ्ठी: सहकार्याबद्दल आभार. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, मैत्रीत असं विचारायचं नसतं. तिन्ही नावं माझ्या अक्षरात आहेत.

१७ मार्च

कपाट आवरताना कागद खाली पडला. उचलला, आणि नजर गेलीच. चार ओळी. कुठल्याशा पुलाबद्दल. एवढ्यासाठी माणसं — ! यादीत माझं नाव मी लिहिलं नाही. ताईने चेहऱ्यावरून ओळखलं, आणि मी सगळं ओकून बसलो. गाढव आहे मी.

१९ मार्च

कागदावर बोटाचा एक ठसा यादीबाहेरचा निघाला. पाहुणे गोड हसून म्हणाले, एक नाव राहिलेलं दिसतंय, सकाळपर्यंत आठवून ठेवा. ताईला म्हटलं, पळून जाऊ. ती म्हणाली, कुठे जाणार? सगळेच त्यांचे मित्र.

२० मार्च, सकाळ

पाहुण्यांची गाडी आलीय. ताईने मला आतल्या खोलीत ढकललं. ती सांगतेय, भावाला डबा द्यायला कचेरीत गेले, तेव्हा कागद मीच उचलला, मीच वाचला —

खोटं आहे. ती कचेरीत कधी आलीच नाही. पाहुण्यांनाही ठाऊक असणार. पण त्यांना एक नाव हवं होतं —

चपला घालतेय. किती वेळ लावतेय — माझी वाट बघतेय का —

दाराला कडी नाही, नुसतं लोटलंय. बाहेर जाऊन म्हणायचं, मी. एवढंच.

पाय हलत नाहीत. हात मात्र लिहितोय —

पाहुणे तिचे आभार मानताहेत. उठतो. हे एवढं वाक्य झालं की उठ