बाबांच्या रक्तातलं जस्त

भाईंदर पश्चिम,
२० जानेवारी १९९५

ती. स्व. दाजीकाका यांस,
संपदाचा साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुमचा शिवा म्हणाला, बाबाला हल्ली बारीक दिसत नाही. तरी पत्र त्याच्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

आई बरी आहे. बाबांची खुर्ची अजून हलवू देत नाही. सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं. डोंगरीला तुमची विहीर आहे, तेवढं सुख.

शिवा परवा केबिन रोडला भेटला. तुमच्या अंगठ्यात खिळा गेला, जखम महिनाभर भरत नाही, कडेने काळी पडली आहे, असं म्हणाला. तुम्ही त्याला म्हणे सांगितलंत, "दुखत न्हाय, म्हंजे बरा होतंय." काका, तुम्हालाही साखरेचा आजार आहे. अशा पायाचं न दुखणं हे वाईट लक्षण आहे.

स्मशानात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीनं रगत काढून काढून बापाला सुकवला." मला भांडायचं नाही. पण माझं काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माणसाच्या रक्तात जस्त, तांबं असे धातू अगदी थोडे असतात. शरीरातली कामं उरकणारी जी एन्झाइम असतात, त्यातली काही या धातूंशिवाय चालत नाहीत. मधुमेहात हे सगळं कसं बदलतं, ते आम्ही प्रयोगशाळेत मोजतो. बाबांनी आपणहून हात पुढे केला होता. दोनदाच घेतलं, दोन्ही वेळचं मिळून चहाचे दोन चमचे रक्त. एवढ्याने कोणी सुकत नाही.

नमुने साठवून एकदम मोजतात, त्यामुळे बाबांचे आकडे हाती आले ते तेराव्यानंतर. आमच्या बहुतेक रुग्णांत जस्त कमी निघतं. बाबांचं निरोगी माणसाच्या दुपटीहून जास्त होतं, आणि तांब्यावर चालणारं एन्झाइम फारच कमी. आधी मी नळीच्या रबरी बुचाला दोष दिला, त्यातून जस्त उतरतं. पण बुचामुळे एन्झाइम कमी होत नाही; पोटात जस्त फार गेलं की तांबं अंगी लागत नाही, मग ते घटतं. म्हणजे जस्त त्यांच्या पोटात जात होतं, आणि बरेच महिने.

मी घर शोधलं. तपकिरीच्या डबीत पिवळट भुकटीच्या पुड्या होत्या. तपासली, जस्ताचं भस्म. मग फ्रिज उघडला. इन्सुलिनच्या तीन बाटल्या. एकीचंही बूच टोचलेलं नव्हतं.

रोज सकाळी आई स्वयंपाकघरातून विचारायची, "घेतली का सुई?" आतल्या खोलीतून उत्तर यायचं, "घेतली गं."

पुड्या कुठून आल्या ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. शिवा सहज बोलून गेला, "आमचा बाबा पन तीच पुडी मधातून घेतो, तुझ्या बाबाला, काशीकाकांना द्यायचा ती. वैदू बोलला, सुई चालू ठेवली तर गुण येत न्हाय."

भस्माने बाबा गेले नाहीत. सुई बंद झाल्याने गेले. तुम्ही भावाचं वाईट चिंतलं नाहीत, हे मला कळतं. तीच पुडी तुम्ही स्वतः घेता.

आईला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. बाबा रोज तिच्याशी खोटं बोलत होते, हे तिला कशाला कळायला हवं? माझ्याबद्दल गावात जे बोललात, तेही तसंच राहू दे.

फक्त पुडी आजपासून बंद करा आणि येत्या बुधवारी शिवाबरोबर या. डॉक्टरांशी बोलले आहे. अंगठा बहुधा जाईल. उशीर केलात तर पाय. त्यापुढचं तुम्ही नोव्हेंबरात बाबांच्या वेळी पाहिलं आहे.

आईने विचारलं तर सांगा, खिळा लागला म्हणून आलो. तपासायला रक्त घेतील. मी घेणार नाही, दुसरं कोणी घेईल. मी बाहेर बसेन.

पत्र चुलीत घाला.

तुम्ही म्हणालात तीच, रक्त काढणारी,
संपदा