डाव्या खांबाचा पंच

प्रिय फियाक्रा,

सोबतचं पुडकं पत्र वाचून झाल्यावरच उघड. पर्थमध्ये आता भर उन्हाळा असेल. इथे शॅनन नदी आपल्या खालच्या कुरणात शिरली आहे. आईचा खुब्याचा सांधा बदलला. आता ती कुणाचा हात न धरता चर्चला जाते. बांधावरची ॲशची झाडं मात्र रोगाने गेली. मागच्या आठवड्यात सात तोडली. ज्या लाकडाच्या काठ्या घेऊन तुम्ही पोरं काठी-चेंडूचं हर्लिंग खेळलात, ते आता परदेशातून आणावं लागतं.

शाळेने अठ्ठ्याण्णवच्या संघाला जेवणाला बोलावलं आहे. पंचवीस वर्षं झाली. तू येणार नाहीस हे आईने मला सांगितलं. ऑक्टोबरातला पहिला सामना तुम्ही चिखलात जिंकलात, दुसरा हरलात, आणि गारांच्या माऱ्यात कसेबसे उपांत्य फेरीत पोचलात. त्या हिवाळ्यात तू एकच गोष्ट शिकत होतास: मैदानाच्या कडेला गवतावर ठेवलेला चेंडू काठीने कापून थेट गोलच्या आडव्या दांड्यावरून घालवायचा. रोज शाळा सुटल्यावर शंभर वेळा. मेंढ्यांनी कुरणाचा तो कोपराच सोडून दिला होता.

शालेय सामन्यांत गोलच्या दोन खांबांपाशी दोन पंच असत, एक आपल्या शाळेचा, म्हणजे मी, आणि एक समोरच्या शाळेचा. ज्याच्या खांबाजवळून चेंडू गेला त्याचा शब्द अखेरचा. चेंडू खांबांच्या मधून गेला म्हणून पांढरं निशाण उचललं की एक गुण, दोन्ही हात पसरले की चेंडू बाहेर. उपांत्य सामन्यात तुझा एक फटका माझ्या खांबाला घासून आत गेला आणि मी निशाण उचललं. कुंपणाजवळून आपल्या गावचा कसाई मॉसी टूही ओरडला, "वा मास्तर! पोराचा इतिहासाचा पेपर तुम्हीच तपासता, आता त्याचे चेंडूही तुम्हीच तपासा!" सगळं कुंपण हसलं. मीही हसलो. तो चेंडू खरोखर आत होता. तरी त्या रात्री मी खाली मान घालून जेवलो, आणि आईने विचारलं, "आज भाषण नाही वाटतं?"

अंतिम सामना लिमरिकला झाला. शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणाने मागे होतो. कडेवरचा चेंडू आपल्याला मिळाला आणि तू पुढे आलास. मी डाव्या खांबापाशी, अंगात पांढरा कोट. उजव्या खांबाला त्यांच्या शाळेचा गणिताचा मास्तर, फेस्टस हॅनरहान. तू चेंडू कापलास. तो वाऱ्यावर वळत माझ्या बाजूने आला. मी दोन्ही हात पसरले. रेफरीने शिट्टी वाजवली आणि मोसम संपला. बरोबरी झाली असती तर सामना पुन्हा खेळला गेला असता. तो आपण जिंकलो असतो असं मी म्हणत नाही.

परतीच्या बसमध्ये मी वीस मिनिटं बोललो. माझं बोलणं तुला ठाऊक आहे. स्वतःच्या माणसाविरुद्ध निर्णय देता येतो तोच समाज स्वतंत्र, असं मी म्हणालो. ते मी आजही म्हणेन. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॉसीने डोळे पुसत माझा हात धरला: "मास्तर, माझी जीभ झडो. तुमच्यासारखा माणूस या परगण्यात नाही." तू खिडकीबाहेर पाहत होतास. त्यानंतर गावातले बांधाचे तंटे लोक माझ्याकडे आणू लागले. मला ते आवडलं, हे लिहून ठेवतो.

घरी आल्यावर तू एकदाच विचारलंस, "बाबा, आत होता का?" मी म्हणालो, "पंचाने हात पसरले की चेंडू बाहेर." तू मान हलवलीस, काठी गोठ्यात ठेवलीस आणि पुन्हा हातात घेतली नाहीस. दोन वर्षांनी विमानात बसलास. फोनवर आपण हवापाण्याबद्दल बोलतो, आणि मग तू म्हणतोस, "आईला द्या."

येत्या शनिवारच्या जेवणात मी बोलावं असा शाळेचा आग्रह आहे. विषयही त्यांनीच दिला आहे: निःपक्षपात. मी बोलणार आहे, पण त्या सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं. फेस्टस मरून आता सहा वर्षं झाली. शिट्टी वाजल्यावर तो माझ्याजवळ आला होता आणि हळूच म्हणाला होता, "अहो, स्वतःच्या पोराला? तुमचा खांब, तुमचा शब्द. पण इथे माझा शब्द चालला असता तर मी निशाण उचललं असतं." मी निशाण कोटाच्या खिशात घातलं. मला दिसलं नाही असं नव्हे. चेंडू येताना मला मॉसीचा तो टोमणा आणि कुंपणाचं हसणं पुन्हा ऐकू आलं, आणि हात पसरले गेले. पुडक्यात जे पांढरं कापड आहे ते त्या दिवशी कोटाच्या खिशात राहिलं आणि मी ते शाळेला कधी परत केलं नाही. ते तुझं आहे. चेंडू आत होता, फियाक्रा. चांगला हातभर आत.

तुझाच,
बाबा