काचेचं दुसरं टोक

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहितोय. मन जरा वर येईल असं रोज एक छोटं काम करायचं आणि बरं वाटलं की नाही ते लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही. गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी ऊन, चालणं, गार पाणी. मग बघू."

गेलो होतो हातासाठी. कटर धरला की उजवा हात थरथरतो. काचेच्या दुकानात असा हात काय कामाचा? रेघ वाकडी गेली की आख्खी काच भंगारात. "घरी काही त्रास?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. दाराबाहेर बाकावर दाजी बसले होते. दुकान त्यांचं, घर त्यांचं, बहीण माझी.

आजचं काम — अंथरुणाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. बरं वाटलं. थोडं.

५ मार्च

सकाळी गच्चीत उन्हात बसलो. पाठ शेकली. खरंच हलकं वाटत होतं.

जिना उतरताना आतून आवाज आला. पातेलं आपटल्याचा नव्हे. आता मला दोन्ही आवाज वेगवेगळे ओळखू येतात. ताई चहा घेऊन आली तेव्हा गालावर बोटं उठली होती. म्हणाली, "ऊन खाल्लंस ना? उद्याही जा हं."

उन्हाने जे काही दिलं होतं ते कपात बुडालं.

६ मार्च

गार पाण्याने तोंड धुतलं. काही नाही.

८ मार्च

रोज एका माणसाशी विनाकारण बोलायचं, असंही बाईंनी सांगितलंय. मी चष्म्याशी बोललो. चष्मा म्हणजे आमच्याकडे फ्रेमा बनवणारा. वयाने दाजींपेक्षा मोठा, पण सगळे त्याला चष्माच म्हणतात, तोही ओ देतो. मी विचारलं, मन खराब झालं की तू काय करतोस?

"मी? भंगारातल्या काचा पिंपात फोडतो. डॉक्टरची फी वाचते. ये."

मागच्या अंगणात नेलं. मला हातोडी दिली. पहिली काच मी हळूच फोडली. तो म्हणाला, "अरे, तिची माफी मागतोयस का? हाण!"

हाणली. मग दुसरी. मग मोजल्या नाहीत. शेवटी चष्म्याने मनगट धरलं. "बास. पिंपाला पोचे पडतायत."

हात अजिबात थरथरत नव्हता. बरं वाटलं का? हो. इतकं बरं वाटलं की मला भीती वाटली.

११ मार्च

दाजींनी ताईच्या कानाखाली मारली. कारण — शर्टाचं बटण. ती कपाटावर आदळली आणि खाली बसली. बराच वेळ डावा कान तळहाताने दाबून होती, जणू आतून काही सांडेल.

मी पावाला लोणी लावत होतो. लावत राहिलो. हे लिहायलाच हवं म्हणून लिहितोय. लोणी अगदी कडेपर्यंत सारखं लागलं होतं.

१२ मार्च

मारल्यावर दाजींचं मन फार प्रसन्न असतं. शीळ घालतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. ताईसाठी केसांचा चाप आणला. मला म्हणाले, "मेव्हणे, तोंड काय पाडलंय? हसा जरा. हसायला काय पैसे पडतात?"

ताईला डाव्या बाजूने हाक मारली तर कळत नाही. दवाखान्यात चल म्हणालो. "सर्दी असेल. उगाच काहीतरी काढू नकोस."

१३ मार्च

आज एका घरी वरच्या मजल्यावरून मोठी काच खाली आणली. काच उभी धरायची, दोन टोकांना दोघं. जिन्यात एक वर, एक खाली. खालच्याने पाठीमागे पायऱ्या चाचपत उतरायचं. सगळा भार त्याच्या छातीवर, आणि तो वरच्याच्या भरवशावर. खाली नेहमी दाजी असतात, कारण माझ्या हातांवर त्यांचा विश्वास नाही. खरं तर उलट हवं होतं.

वळणावर काच तिरपी आडवी आली, तिच्यातून त्यांचा चेहरा दिसत होता. मान वर केलेली. गळा उघडा. आणि मनात आलं — सोडली तर?

एवढंच. सोडली नाही. पण विचार आल्याबरोबर छातीवरचं ओझं उतरलं. ऊन, घडी, गार पाणी, सगळं एका बाजूला आणि हा एक विचार एका बाजूला. उरलेला जिना मी गाणं गुणगुणत उतरलो. दाजी म्हणाले, "वा! डॉक्टर लागू पडला म्हणायचा."

१४ मार्च

बाईंकडे गेलो. "कशाने बरं वाटतं?"

"उन्हाने," मी म्हणालो.

"छान. चालू ठेव."

१५ मार्च

चालू आहे. सकाळी तोंड धुताना तोच विचार, कापताना तोच. त्यात आता रक्तही दिसतं. आधी धार कुठे लागेल, मग ते काय बोलायला तोंड उघडतील, कसं बोलता येणार नाही. हात स्थिर आहे. आज एकही रेघ वाकडी गेली नाही. दाजींनी पाठ थोपटली. त्यांचा हात पाठीवर असताना मी त्यांची बोटं तोडत होतो. मनात.

चष्म्याला आडून विचारलं, जिन्यात काच निसटली तर काय करायचं? तो म्हणाला, "सोडायची. पकडायला गेलास तर हात जातो. काच जाऊ द्यायची."

"आणि खालचा?"

"खालच्याचं नशीब. धंदाच तसा आहे. कोणी विचारत नाही."

कोणी विचारत नाही.

१६ मार्च

ताईला केस धरून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणलं. माझ्यासमोर. मुद्दाम माझ्यासमोर. "बघा मेव्हणे, बहिणीला काही शिकवलं नाही तुम्ही." चापासकट केसांचा पुंजका त्यांच्या हातात आला. तो त्यांनी माझ्या ताटात टाकला.

मी उठलो. ताईने खालूनच मान हलवली — नको. मी बसलो.

उद्या नाचाच्या शाळेतला जुना आरसा उतरवायचा आहे. तिसरा मजला. फार जड.

१७ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय.

दुसऱ्या वळणावर दाजींचा पाय चुकला. मी काही केलं नव्हतं. मला काही करावंही लागणार नव्हतं, फक्त हात उघडले की झालं. ते मागे कलले, आरसा त्यांच्याकडे सरकायला लागला. वळणावर आरसा आमच्या मधे आडवा आला होता, काळी पाठ त्यांच्याकडे, चकचकीत बाजू माझ्याकडे. म्हणून त्यांचा चेहरा दिसला नाही. माझाच दिसला.

मी धरला. जिवाच्या आकांताने धरला. कड हातमोज्यातून आत गेली, आवाज आला, ओलं कापड फाटावं तसा. तरी धरला. त्यांनी कठडा पकडला, हत्यारं घेऊन मागून येणारा चष्मा वरून धावत आला, आरसा भिंतीला टेकला. आरशाला ओरखडासुद्धा नाही. तळहात आरपार उघडा. आतलं पांढरं दिसत होतं.

दाजी पायरीवर बसून रडले. "मेव्हणा नाहीस, भाऊ आहेस माझा."

चष्मा पट्टी बांधताना पुटपुटला, "सोडायची सांगितली होती ना, गाढवा."

का धरला? दिवसभर विचारतोय. 

१८ मार्च

बरेच टाके पडले. बोटं वळतील की नाही ते नंतर कळेल.

दुपारी दाजींनी येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगितली. संध्याकाळी चहा गार होता म्हणून त्याच हातांनी ताईला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला.

त्या हातांना मी परवानगी दिली. काल, दुसऱ्या वळणावर. ताईच्या ओठाचं रक्त माझ्या खात्यावर. आज कोणतंही छोटं काम केलं नाही.

२१ मार्च

सकाळी ताई आपणहून गच्चीत येऊन माझ्याजवळ उन्हात बसली. माझी पट्टी बदलली. म्हणाली, हात बरा होईपर्यंत काचेचं दुसरं टोक ती धरणार आहे. दाजींना तिनेच सुचवलं, बाहेरचा माणूस कशाला? ते खूश झाले.

"जिन्यात वरचं टोक माझ्याकडे असेल ना?" तिने विचारलं.

हो म्हणालो.

तिने डोळे मिटले आणि चेहरा उन्हाकडे केला. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.