फ्लेक्समुक्त प्रभाग

४ जानेवारी, सकाळी ६.४०
फायनल. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतोय. प्रभाग अकरा, अपक्ष. अजेंडा तीन पॉइंटचा: सायकल ट्रॅक, गल्लोगल्ली झाडं, आणि फ्लेक्सबंदी. तिसरा सगळ्यात स्ट्राँग. खांबांवर, झाडांवर नुसती प्लॅस्टिकची थोबाडं लटकलेली असतात.

चहाच्या वेळी घरी सांगितलं. बाबांचं खाली फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. म्हणाले, खुशाल उभा राहा, पण मशीनजवळ येऊन भाषण ठोकू नकोस, या सीझनवर आपलं वर्ष निघतं. आई म्हणाली, स्वतःची खोली आवरत नाही आणि शहर आवरायला निघालाय.

बाबा बदलतील. त्यांना कापडी बॅनरवर शिफ्ट करायचं. प्लॅन डोक्यात तयार आहे. लिहून काढणे. खोली आवरणे.

९ जानेवारी
फॉर्म भरला. चिन्ह मागितलं होतं झाड. नाहीतर पान. नाहीतर सायकल. मिळालं रोड रोलर. क्लार्कना म्हटलं, अहो, मी पर्यावरणवाला आहे. म्हणाले, मग रोलर हिरवा रंगवा.

माझ्या मित्राला सगळे डेटा म्हणतात, कारण तो जेवणाचाही चार्ट बनवतो. तोच माझा कॅम्पेन मॅनेजर. डेटाच्या मते रोलरची रिकॉल व्हॅल्यू झाडापेक्षा जास्त आहे. पटलं.

१३ जानेवारी
घरोघर प्रचार, सायकलवरून. टार्गेट चाळीस घरं. झाली नऊ. क्वालिटी महत्त्वाची.

तिसऱ्या गल्लीतल्या काकूंनी विचारलं, नळाला पाणी कधी येणार. मी सायकल ट्रॅकचा नकाशा दाखवला. म्हणाल्या, बरं झालं, आता सायकलला बादल्या अडकवून टँकरच्या मागे धावते. शेजारच्या बायका खूप हसल्या. एंगेजमेंट चांगलं आहे.

समोरच्या बिल्डिंगमधले काका म्हणाले, झाडं लाव रे, पण माझ्या गाडीवर नको, पक्षी घाण करतात.

१९ जानेवारी
दोन दिवस फील्डवर्क. सध्याच्या नगरसेविका मॅडम आणि इतरांचे बेकायदेशीर फ्लेक्स शोधले. झाडांना खिळे मारून लावलेत. एकूण एकशे बारा. प्रत्येकाचा एक लांबून फोटो, एक जवळून, सोबत लोकेशन. एकही फोटो ब्लर नाही. डेटा म्हणाला, रीतसर तक्रार टाक, आपोआप न्यूज होईल.

बाबांनी जेवताना विचारलं, कुठे उन्हातान्हात हिंडतोयस. म्हटलं, फील्डवर्क. त्यांच्या बोटांना निळी शाई होती. मशीन पहाटेपासून चालू आहे, वर जेवणाचं ताट थरथरतं. साउंड पोल्युशन, चौथा पॉइंट? विचार करणे.

२१ जानेवारी
नगरपालिकेत तक्रार दिली. तिथले साहेब म्हणाले, माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी व्यवस्थित तक्रार आली नाही. उथळ दिसेल म्हणून हसलो नाही. लीडर लोक जास्त हसत नाहीत.

२४ जानेवारी, दुपारी १२.१५
नगरपालिकेची तीन माणसं आली. मला वाटलं, मॅडमच्या ऑफिसचा पत्ता विचारायला आलीत. त्यांनी बाबांचं मशीन सील केलं.

नियम असा आहे की प्रत्येक फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव लागतं. बारीक अक्षरात असतं. एकशे बारापैकी सत्त्याण्णव आपले. मी जवळून फोटो काढले, पण कोपऱ्यात बघितलं नाही. मी थोबाडंच बघत होतो.

बाबांनी तक्रारीची कॉपी वाचली. खाली माझी सही. कागदाची घडी घातली. विचारलं, सगळे फोटो तूच काढलेस? हो म्हटलं. म्हणाले, चांगले आलेत.

काही वाटलं नाही. बहुतेक फोकसमुळे.

२७ जानेवारी
सगळ्यांची ऑर्डर दुसऱ्या प्रेसकडे गेली. मॅडमचं थोबाड आता दहा बाय वीस. पेपरात दोन ओळी आल्या: एका प्रेसवर कारवाई. माझं नाव नाही.

डेटा म्हणतो, आपण याचा पॉझिटिव्ह वापर करू. हेडलाइनपण सुचवली: घरच्यांनाही सोडलं नाही. ड्राफ्ट करत बसलो होतो. आईने मागून वाचला. म्हणाली, आधी खाली पायरीवर तासभर त्यांच्या शेजारी बस, मग काय ते इंग्रजीत लिही.

बसायला वेळ मिळाला नाही. झोपलो. दहा तास. खालून आवाज येत नाही, झोप लागते.

१ फेब्रुवारी
बाबा रोज आठला खाली जातात. शटर उघडतात, मशीनवरची धूळ पुसतात, सीलला हात न लावता. मग पायरीवर बसतात. येणारे-जाणारे विचारतात, काय, आज सुट्टी? ते हो म्हणतात.

आई म्हणाली, मशीन रोज थोडंतरी चालवावं लागतं. नाहीतर शाई हेडमध्ये, म्हणजे ती फवारणाऱ्या भागात, सुकते, आणि हेड सुकलं की मशीन म्हणजे भंगार. सुनावणी सोळा तारखेला. तोपर्यंत टिकेल का, हे बाबांनाही माहीत नाही. मला वाटायचं, फक्त स्विच बंद आहे.

ऑफिसात चौकशी केली. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर सील लगेच काढतात. आजही. पण मतदान अकराला आहे. आत्ता माघार घेतली तर क्रेडिबिलिटीचं काय? निवडून आलो की आतूनच सोडवतो. दहा दिवसांनी काय होतंय.

बाबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, बघ बाबा, तू शिकलेला आहेस.

११ फेब्रुवारी
मतदान. आई-बाबा इस्त्रीचे कपडे घालून गेले. डेटाचा अंदाज: सतराशे ते एकवीसशे. पोट दुखेल असं वाटलं होतं. दुखलं नाही. काहीच होत नाही हल्ली.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३.००
एकसष्ट.

वरीलपैकी कोणीही नाही, याला दोनशे नऊ. डेटा म्हणाला, हा आपला कोअर बेस आहे. मॅडम जाताना माझ्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, छान लढलास हो, आणि वडिलांना सांग, आभाराचे बोर्ड त्यांच्याकडेच करायचे होते.

घरी आलो. बाबांनी विचारलं, जेवलास का. आकडा विचारला नाही. मी सांगितला. म्हणाले, एकसष्ट म्हणजे कमी नाहीत रे, एवढी माणसं लग्नाला आली तर खुर्च्या पुरत नाहीत. आई हसली. मीपण हसायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी
सुनावणी. एका बाजूला तक्रारदार, एका बाजूला प्रेसमालक. दोघं एकाच रिक्षातून गेलो.

रिक्षात बाबांना विचारलं, हेड वाचलं असेल का. बाहेर बघत म्हणाले, उघडल्याशिवाय कसं कळणार.

मी तक्रार मागे घेतली. आता थांबण्यासारखं काही नव्हतं. लेखी अर्ज लागतो, मराठीत. माझी गाडी दुसऱ्या ओळीतच अडकली. बाबांनी कागद ओढून घेतला आणि छान अक्षरात पूर्ण लिहिला. एक रकाना राहिला: माघारीचं कारण. बाबा मला म्हणाले, लिही, गैरसमज. मी लिहिलं.

क्लार्कनी अर्ज परत सरकवला. म्हणाले, नुसतं गैरसमज चालत नाही, कोणाचा ते लिहा.

बाबांनी पेनसाठी हात पुढे केला. मी पेन दिलं नाही. लिहिलं: तक्रारदाराचा.

क्लार्क म्हणाले, आता बरोबर आहे. शिक्का मारून त्यांनी पुढच्याला हाक मारली.